जोडीदार पाच आठवडे कॉरिडॉर रूमवर राहायला येतोय (स्वीडन) – अनुभव सांगा

चहात_वेलची | १४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी उप्सालाला मास्टर्स करते, दुसरं वर्ष चालू आहे. राहते फ्लोगस्तात, कॉरिडॉरमध्ये. ज्यांनी कॉरिडॉर पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक लांब बोळ, १२ खोल्या, १२ माणसं आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. न्हाणीघर खोलीतच आहे एवढं नशीब. खोली १८ चौरस मीटर. त्यात एक पलंग, एक टेबल, एक कपाट, एक मी.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझा जोडीदार नाशिकहून येतोय. साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात. पाच आठवडे राहणार. गेल्या १३ महिन्यांत आम्ही समोरासमोर भेटलेलोच नाही, त्यामुळे कॅलेंडरवर फुल्या मारणं चालू आहे. पण परवा त्याने फोनवर सहज विचारलं, "तू कॉलेजला गेलीस की मी दिवसभर काय करू?" आणि मला उत्तरच सुचेना. ११ डिसेंबरला माझी तेंता आहे (परीक्षेला इथे सगळे तेंताच म्हणतात), म्हणजे नेमके मधले दोन आठवडे मी पुस्तकात डोकं घालून असणार.

तर, ९० सेंटिमीटरच्या पलंगावर दोघांनी कसं निभवायचं? बाकीच्या ११ जणांना काय सांगायचं, कधी सांगायचं? व्हिसासाठी आमंत्रण देताना साखरपुड्याचं लिहायचं की नुसतं 'मित्र'? आणि मुख्य म्हणजे एवढ्याशा जागेत पाच आठवडे गोडीगुलाबीने राहिलेलं इथे कोणी आहे का?

नागपुरी_संत्रा | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

पाच आठवडे? आमच्याकडे चार खोल्या आणि गच्ची आहे, तरी साळा आला की आठव्या दिवशी मी ऑफिसात ओव्हरटाइम मागतो.

पेन्शनर_पेठकर | १५ सप्टेंबर, सकाळी ६:१०

साखरपुडा झालेल्याला आपल्याकडे 'नियोजित वर' असा सुरेख शब्द आहे. 'जोडीदार' म्हटलं की मला धंद्यातला भागीदार आठवतो.

आम्हाला लग्नाआधी भेटायची परवानगी होती, पण सोबत हिचा धाकटा भाऊ यायचा. सारसबागेत त्याला भेळ घेऊन दिली की तो पाठ करून बसायचा. इतक्या समजूतदारपणे मेहुणा पुढे आयुष्यात पुन्हा कधी वागला नाही.

चहात_वेलची | १५ सप्टेंबर, सकाळी ११:३०

काका, धाकटा भाऊ पाठवायला घरचे एका पायावर तयार आहेत, पण पलंग ९० सेंमीचाच आहे :-)

खिडकी_क्रमांक_तीन | १५ सप्टेंबर, दुपारी १:४४

आधी व्हिसाचं उरका, पलंगाचं नंतर बघू.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, कागद अपुरे असले की जास्त. खरा वेळ जातो तो अपॉइंटमेंट मिळण्यात, म्हणून त्याला आजच तारीख घ्यायला सांगा. फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालायला हवा.

तुमच्या बाजूने स्थलांतर खात्याचा, म्हणजे मिग्रेशन्सवेर्केतचा, आमंत्रणाचा फॉर्म. त्याला पेर्शूनबेवीस जोडायचं. हा कर खात्याच्या नोंदवहीतला तुमचा उतारा. जमिनीचा सातबारा असतो तसा माणसाचा. खर्चाला दिवसाला ४५० क्रोनर धरतात, पण राहण्याजेवण्याची सोय तुमच्याकडे असेल तर तसं फॉर्मात लिहा, त्याचा विचार होतो.

नातं जे आहे तेच लिहा. 'मित्र' लिहिलं, आणि विमानतळावर अधिकाऱ्याने विचारल्यावर हा पठ्ठ्या लाजून "फियॉन्से" म्हणाला, की झाली ना पंचाईत. नकार येतात ते बहुतेक "हा परत जाईल याची खात्री वाटत नाही" या कारणावर. म्हणून नोकरीचं पत्र, मंजूर रजा, पगाराच्या पावत्या हव्यातच. आणि मे महिन्यातल्या मंगल कार्यालयाच्या बुकिंगची पावती जोडा. थट्टा नाही करत. माझ्या ओळखीतल्या एकीने भाषांतर करून जोडली होती. हॉलला भरलेला ॲडव्हान्स सोडून कोण पळणार!

कोकणी_बर्फात | १५ सप्टेंबर, दुपारी २:२०

पावतीची कल्पना लय भारी. केटररचा मेनू पण जोडा.

नागपुरी_संत्रा | १५ सप्टेंबर, दुपारी २:४१

एक बाळबोध प्रश्न. त्यापेक्षा थेट वर्षभरासाठीच बोलवून घ्यायचं की. तिकडे ते सांबो का शांभो काहीतरी असतं ना?

खिडकी_क्रमांक_तीन | १५ सप्टेंबर, दुपारी ३:१५

सांबो. लग्न न करता एका घरात संसार करणाऱ्यांना स्वीडिशमध्ये हा शब्द आहे, आणि त्यांच्यासाठी २००३ चा स्वतंत्र कायदाही आहे. जोडी आहे पण घरं वेगळी, तर सेर्बो. आईकडेच राहतो तो माम्बो.

विद्यार्थ्याच्या जोडीदाराला निवास परवाना मिळतो, पण लग्न झालेलं हवं किंवा सांबो म्हणून एकत्र राहत असल्याचं दाखवता आलं पाहिजे. नाशिक आणि उप्साला या दोन टोकांना राहून कोणी सांबो होत नाही. तेव्हा सध्या पाहुणा व्हिसा, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

पेन्शनर_पेठकर | १५ सप्टेंबर, दुपारी ४:००

माम्बो! आमच्या सोसायटीत सतरा आहेत.

लुंडकर_पांथस्थ | १५ सप्टेंबर, रात्री ९:३८

गोडीगुलाबीने राहिलेलं कोणी आहे का, असं विचारलंय. मी राहिलोय, पण भांडून. सविस्तर लिहितो.

मी लुंडला होतो. बायको फेब्रुवारीत सहा आठवड्यांसाठी आली. पहिला आठवडा मधुचंद्रच. कोपनहेगन ट्रेनने जवळ, कॅथेड्रलमधलं जुनं घड्याळ, ते वाजलं की बाहेर येणारे छोटे राजे, सगळं झालं. मग माझे वर्ग सुरू झाले. मी सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी पाचला घरी. ही पुण्यात ३० जणांची टीम सांभाळणारी बाई. इथे हिच्याकडे स्विश (फोनवरून पैसे द्यायचं ॲप) नाही, कारण त्याला स्वीडिश बँक खातं आणि बँकआयडी (ऑनलाइन ओळखपत्र) लागतं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. दाराचा ताग, म्हणजे ती टेकवायची चावी, एकच आणि ती माझ्या खिशात.

नवव्या दिवशी माझी तेंता होती, ८ ते १. ही म्हणाली, तोवर कपडे धुऊन टाकते. धुलाईखोली तळघरात. शेजारच्या मुलाने जाता जाता दार उघडून दिलं. धुऊन झाल्यावर ही बादली घेऊन बाहेर आली आणि मागे दार बंद. वर जायच्या दारालाही ताग लागतो. हिचा फोन खोलीत चार्जिंगला, माझा परीक्षेच्या हॉलबाहेर बॅगेत. दिवसाढवळ्या सगळे वर्गांना गेलेले. पायात माझ्या स्लीपर, अंगावर टीशर्ट.

मी पावणेदोनला आलो. ही जिन्यात बादली उलटी करून तिच्यावर बसली होती. कपडे रेलिंगवर ओळीने वाळत घातलेले, मोजे जोडीने. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या घरात मला स्वतःच्या हाताने एक दारसुद्धा उघडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पहिलं काम दुसरा ताग. मग एक जुनी सायकल. मग ग्रंथालयात आठवड्यातून एकदा स्प्रोककाफे असतो, म्हणजे कॉफी पीत मोडकंतोडकं स्वीडिश बोलायचं, फुकट. तिथे हिला एक सत्तरीच्या आजी भेटल्या. पुढचे चार आठवडे मी संध्याकाळी घरी आलो की ही मला गावातल्या बातम्या सांगायची.

तेव्हा वेलची, तो दिवसभर काय करेल याची चिंता तू करू नकोस. त्याला चावी दे, बसचं तिकीट दे आणि बाजूला हो.

उप्सालाची_जुनी | १५ सप्टेंबर, रात्री १०:१५

+१. उलट्या बादलीचं चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये.

@वेलची, त्याला फ्लोगस्ताच्या रात्री दहाचं सांगितलं आहेस का?

चहात_वेलची | १५ सप्टेंबर, रात्री १०:२२

नाही :-) सरप्राइज आहे.

नागपुरी_संत्रा | १५ सप्टेंबर, रात्री १०:२५

काय असतं रात्री दहाला??

उप्सालाची_जुनी | १५ सप्टेंबर, रात्री १०:३१

फ्लोगस्तात विद्यार्थ्यांच्या उंच इमारती आहेत. रोज रात्री ठीक दहा वाजता मुलं खिडक्या उघडतात, काहीजण गच्चीवर जातात आणि जीव खाऊन किंचाळतात. कितीतरी वर्षांची प्रथा आहे. परीक्षा जवळ आल्या की आवाज वाढतो. माझा नवरा पहिल्यांदा आला तेव्हा दिवसभराच्या प्रवासाने आडवा झाला होता. दहा वाजले. तो ताडकन उठला, पासपोर्टची पिशवी छातीशी धरली आणि मला म्हणाला, "चल, जिन्याने, लिफ्ट नको."

मोहरी_तडतड | १६ सप्टेंबर, सकाळी ८:०२

पलंगावर कोणीच बोलेना, म्हणून मी. ९० वर दोघं झोपता येत नाही. प्रेम कितीही असो, तिसऱ्या रात्री एकाचा खांदा धरतो. सामानविक्रीच्या ग्रुपवर घडीची गादी शोध, सत्र संपताना लोक फुकटातही देतात. दिवसा ती पलंगाखाली. दोन वेगळ्या रजया घ्या, तिकडे नवरा-बायकोही वेगवेगळीच रजई घेतात. माझ्या मते स्वीडनने जगाला दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी.

स्वयंपाकघराचं: फोडणी करताना वरचा पंखा फुल्ल आणि कॉरिडॉरकडचं दार बंद. मी लिंशोपिंगला असताना नवऱ्याने कौतुकाने वांग्याचं भरीत करायला घेतलं. गॅस नाही म्हणून वांगं थेट इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवलं. धूर, मग अलार्म, मग आठ मजले रिकामे, उणे ४ मध्ये पायजम्यातली शंभरेक मुलं रस्त्यावर. आमच्या इमारतीचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला होता, तेही आले. त्यातल्या एका दादाने वांगं उचलून विचारलं, "हे काय आहे?" नवरा म्हणाला, "डिनर."

भरीत ओव्हनमध्ये होतं, २२५ वर पाऊण तास. चव येते, वास नाही येत. आता हळहळून काय उपयोग.

कोकणी_बर्फात | १६ सप्टेंबर, सकाळी ९:१०

वासाचं मनाला लावून घेऊ नका. सुरस्ट्रोमिंग नावाचा आंबवलेला मासा डब्यातून काढून खाणाऱ्या देशाने हिंगाला नाव ठेवायचं कारण नाही. मी सुक्या बोंबलावर वाढलेला माणूस आहे, तो डबा उघडल्यावर मी बाल्कनीत गेलो.

सामानाचं महत्त्वाचं. येताना काय आणायचं याची यादी सासूबाई करत असतीलच. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चक्का बाद. ताजी फळं-पानांनाही आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेव्हा कढीपत्त्याची जुडीही नको. नारळ आणि केळी चालतात, पण उप्सालाला केळी घेऊन येणारा माणूस म्हणून त्याचं नाव व्हायला नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोरड्या चटण्या, लाह्यांचा चिवडा बिनधास्त. घरचा मिक्सर चालतो, व्होल्टेज २३० च आहे, फक्त पिनेला अडॅप्टर. ताकाची तहान फिलम्योल्कवर, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या दुधावर, भागते, कढीही बरी होते.

पेन्शनर_पेठकर | १६ सप्टेंबर, सकाळी ९:४५

तूप दुधाचा पदार्थ कसा? तूप हे तूप आहे.

कोकणी_बर्फात | १६ सप्टेंबर, सकाळी ९:५२

काका, कस्टमला हे तुम्ही येऊन समजावा.

सडेतोड_सखी | १६ सप्टेंबर, दुपारी १२:३०

सगळे तुझ्या बाजूने लिहितायत, मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नकोस. बाकीच्या ११ जणांचा विचार कोणी केलाय का? मी योतेबोरीला कॉरिडॉरमध्ये होते. एकीचा बॉयफ्रेंड "थोडे दिवस" आला आणि अडीच महिने राहिला. फ्रीजमधला त्याचा कप्पा वाढत गेला. सकाळी स्वयंपाकघरात तो उघड्या अंगाने कॉफी करायचा. भाडं आम्ही १० जण भरायचो, वापर ११ जणांचा. तोंडावर कोणी काही बोललं नाही, स्वीडिश लोक बोलत नाहीत. ते चिठ्ठी लावतात. फ्रीजवर पहिली चिठ्ठी हसऱ्या चेहऱ्याची, दुसरी बिनचेहऱ्याची, तिसरी लॅमिनेट केलेली.

पाच आठवडे मला जास्त वाटतात. तीन पुरे. आणि घराचा करार वाच. पाहुणे किती दिवस चालतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

लुंडकर_पांथस्थ | १६ सप्टेंबर, दुपारी १:०५

सखी, आठवड्यांशी असहमत, चिठ्ठ्यांशी सहमत. तेरा तासांचा प्रवास, तिकिटाचे पैसे, व्हिसाचा व्याप करून तीन आठवड्यांत परत? पहिला जेटलॅगमध्ये, शेवटचा बॅगा भरण्यात. पण वागायची रीत मात्र आधी ठरवावी.

उप्सालाची_जुनी | १६ सप्टेंबर, दुपारी २:१८

रीत अशी: आत्ताच कॉरिडॉरच्या ग्रुपवर तारखा लिही. येण्याची आणि जाण्याचीही. जाण्याची तारीख दिसली की माणसं निवांत होतात. स्वयंपाकघर साफ करायच्या तुझ्या पाळीव्यतिरिक्त एक जादा पाळी त्याच्या नावाने घे. पहिल्या रविवारी सगळ्यांना जेवू घाल, तिखट कमी. बूट काढून आत यायची सवय त्याला घरचीच आहे, तेवढी एक परीक्षा पास.

नागपुरी_संत्रा | १६ सप्टेंबर, दुपारी ३:००

पण स्वीडनमध्ये पाहुण्याला जेवायला देत नाहीत असं वाचलं होतं ना? मध्ये नेटवर केवढा गदारोळ झाला होता.

मोहरी_तडतड | १६ सप्टेंबर, दुपारी ३:२२

२०२२ मध्ये झाला होता. खेळायला आलेल्या मित्राला "तू इथेच थांब, आम्ही जेवून येतो" म्हणायची काही घरांत पद्धत होती, त्यावरून. मी माझ्या गाईडला विचारलं होतं. ते म्हणाले, त्याच्या घरी त्याच्यासाठी रांधलेलं वाया जाऊ नये, म्हणून. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर तिने त्या मुलाला दत्तक घेतलं असतं.

आता धाग्यावर न संपणारा वाद होण्याआधी थांबते.

मी_तो_पाहुणा | १७ सप्टेंबर, रात्री १२:४०

सगळे यजमान लिहितायत. मी पाहुणा होतो, म्हणून लिहितो. योतेबोरी, २०१९, सात आठवडे, ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं, आता पाच वर्षांचा संसार आहे.

थंडीचं सगळ्यांनी सांगितलं होतं, अंधाराचंही. कोणी हे सांगितलं नव्हतं की ती बदललेली असेल. वाईट नाही, नुसती बदललेली. जेवायला साडेपाचला बसायची. ट्राममध्ये माझा आवाज चढला की हळूच बाहीला हात लावायची. एकदा स्वयंपाकघरात तिच्या कॉरिडॉरमधल्या मुलीने काहीतरी विनोद केला, स्वीडिशमध्ये. ही खळखळून हसली. मी पण हसलो, न कळता. मग हिने मला तो समजावून सांगितला आणि तो अजिबात विनोदी नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. हिचं इथे एक आयुष्य आहे ज्यात मी नाही, आणि ते चांगलं चाललंय, हे पचायला मला दोन आठवडे लागले. मी कुरकुर करायचो ती भाजीवरून, पावसावरून, हजारो किलोमीटरवरून आलो तरी तू लायब्ररीतच बसतेस यावरून. खरं कारण मलाही माहीत नव्हतं.

सुटलो कसा? तिच्या डब्यामुळे. तिथे दुपारी सगळे डबा आणतात आणि मायक्रोवेव्हपुढे रांग लावतात. मी रोज सकाळी तिचा डबा करायला लागलो. मला येत काय होतं, खिचडी आणि बटाट्याच्या काचऱ्या. पण १२ वाजता ती रांगेत माझा डबा घेऊन उभी असणार हे माहीत असलं की दिवसाला खुंटी मिळायची. शुक्रवारी मी स्वतः घेऊन जायचो आणि तिच्या वर्गातल्या मुलांबरोबर जेवायचो. वेलची, त्याने कुरकुर केली तर भाजीवर विश्वास ठेवू नकोस.

सडेतोड_सखी | १७ सप्टेंबर, सकाळी ७:५५

प्रतिसाद आवडला. उघड्या अंगाने कॉफी करणाऱ्यालाही असंच काही झालं असेल का, असा विचार पहिल्यांदाच केला. (नाही. तो आगाऊच होता.)

चहात_वेलची | १७ सप्टेंबर, सकाळी १०:०५

मी_तो_पाहुणा, तुमचा प्रतिसाद त्याला जसाच्या तसा पाठवला. त्याने फक्त "हं" असं लिहिलं. त्याचं "हं" म्हणजे खूप असतं.

घसरगुंडी | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

उशिरा आलो, धागा वर काढतोय. विमा नुसता व्हिसापुरता स्वस्तातला घेऊ नका. माझी मैत्रीण जानेवारीत बर्फावर घसरून मनगट मोडून बसली. पाहुण्याला पेर्शूननंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, नसतो, त्यामुळे उपचाराचं पूर्ण बिल हातात येतं. आधी आम्ही भरलं, विम्याकडून नंतर मिळालं, तेही प्रत्येक कागद जपून ठेवला म्हणून. साधी विचारपूस असेल तर ११७७ ला फोन, गंभीर असेल तर ११२. आणि बुटांना लावायचे काटे मिळतात, ब्रोद्दर म्हणतात, आल्या दिवशीच घ्या. ते लावून चालताना खडावांसारखा आवाज येतो.

जाता जाता, १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी प्रवेश-निर्गमन नोंद सुरू झालीय, टप्प्याटप्प्याने. पाहुण्यांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. पुढच्या विमानाचं कनेक्शन असेल तर वेळ हाताशी ठेवा.

खिडकी_क्रमांक_तीन | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

बरोबर. आणि आर्लांडा विमानतळाहून उप्सालाला ट्रेन २० मिनिटांत येते, पण विमानतळाच्या स्टेशनातून जायची वेगळी फी मोजावी लागते. ८०१ नंबरची बस पाऊण तास घेते आणि बरीच स्वस्त पडते.

चहात_वेलची | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१२

व्हिसा आला!! कार्यालयाची पावती जोडली होती. खिडकीसाहेब, लग्नाला या.

कोकणी_बर्फात | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

अभिनंदन. मेनू जोडला होता का?

नागपुरी_संत्रा | ९ जानेवारी २०२६, रात्री ९:१४

धागालेखिका कुठे गायब? नियोजित वर पोचले की तिकडेच गोठले?

चहात_वेलची | ११ जानेवारी, दुपारी ४:०३

आहे, आहे. तो २७ डिसेंबरला गेला. आत्ता बाहेर अंधार पडलाय आणि खोली एकदम मोठी वाटतेय, म्हणून लिहायला बसले.

दोन ताग घेतले होते (लुंडकर, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार). कॉरिडॉरला तारखा आधीच सांगितल्या होत्या. पहिल्या रविवारी मसालेभात आणि टोमॅटोचं सार केलं. कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा दीड वर्षात माझ्याशी "हेय" पलीकडे बोलला नव्हता, त्याने सार तीनदा घेतलं आणि मग याला सोमवारी बर्फात सायकल कशी चालवायची ते शिकवायला घेऊन गेला.

भांडण झालं. बाराव्या दिवशी. मी तेंताच्या नोट्स काढत होते आणि हा माझ्या मागे, दीड फुटावर, चिवडा खात होता. कुरुम, कुरुम. मी वळून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो जॅकेट चढवून बाहेर गेला. पावणेतीनला अंधार पडलेला, साडेपाच वाजले तरी पत्ता नाही. मी फोन केला तर कुजबुजत म्हणाला, "कॅथेड्रलमध्ये आहे, त्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या थडग्यापाशी. इथे गाणं चाललंय." लुसियाची, म्हणजे डिसेंबरातल्या दिव्यांच्या सणाची, तालीम होती. मी गेले. मागच्या बाकावर दोघं तासभर बसलो, एक शब्द बोललो नाही. येताना त्याने दोन लुसेकाट घेतले, तो केशरी पाव. म्हणाला, "केशर घालून एवढं कोरडं कसं काय करतात हे लोक?"

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लायब्ररीत जायला लागले आणि खोली दिवसभरासाठी त्याची. तो डबा करायचा. मी_तो_पाहुणा, खिचडी आणि काचऱ्याच. तेंताला पाच तास बसायचं असतं आणि आत खाऊ नेता येतो, तर त्याने थालीपिठाचे तुकडे करून दिले होते. आजूबाजूच्या चार बाकांचं लक्ष उडालं. पेपर बरा गेला.

सडेतोड_सखी, चिठ्ठी एकच आली. फ्रीजवर. "तुझा पाहुणा गेल्यावर ते लाल सूप कोण करणार?" हसरा चेहरा होता.

उप्सालाची_जुनी | ११ जानेवारी, दुपारी ४:४०

आणि रात्री दहाचं??

चहात_वेलची | ११ जानेवारी, दुपारी ४:५१

पहिल्या रात्री घाबरला नाही. शांतपणे विचारलं, "रोज असतं?" मी हो म्हटलं. एरवी हा माणूस हॉटेलात वेटरला हाक मारायलाही लाजतो. तेंताच्या आदल्या रात्री मी पुस्तक मिटून बसले होते, दहा वाजले, याने उठून खिडकी सताड उघडली आणि "गणपती बाप्पा" अशी आरोळी ठोकली. समोरच्या इमारतीतून कुठूनतरी "मोरया" आलं. कोण होतं ते अजून कळलेलं नाही. इथे वाचत असेल तर कृपया पुढे या, लग्नाला बोलवायचंय.

पेन्शनर_पेठकर | ११ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

बरं झालं मेहुणा पाठवला नाहीत ते. तारीख कळवा, पेठेत असेल तर चालत येईन.

घसरगुंडी | ११ जानेवारी, रात्री ८:०२

अवांतर: एप्रिलमध्ये माझे आईबाबा येतायत. दोघंही. दोन महिने. खोली १६ चौरस मीटर. नवीन धागा काढू का?

मोहरी_तडतड | ११ जानेवारी, रात्री ८:०४

काढ. आईला वांग्याचं आधीच सांगून ठेव.